इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा: आधी आकडा लिहा, मग मीटर लावा

इलेक्ट्रॉनिक्सच्या ओरलला परीक्षक सर्किटच्या एखाद्या बिंदूवर पेन टेकवतात आणि विचारतात, "इथे किती व्होल्ट यायला हवेत?" ब्रेडबोर्डवरचा (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या छिद्रांच्या पाटीवरचा) एलईडी पेटलेला असतो, जर्नलवर सही झालेली असते, तरी बरेच जण इथे गप्प होतात. कारण मॅन्युअलमधल्या आकृतीप्रमाणे वायरी लावल्या, मीटरने जे दाखवलं ते निरीक्षणांच्या तक्त्यात उतरवलं, एवढंच झालेलं असतं. यावरचा उपाय साधा आहे, पण चिकाटी लागते. सप्लाय चालू करण्याआधी प्रत्येक महत्त्वाच्या बिंदूवरचा अपेक्षित आकडा पेन्सिलीने लिहायचा, मग मीटर लावायचा. दोन्हींत फरक पडला तर तो का पडला हे शोधायचं. डिप्लोमाचं खरं शिक्षण त्या फरकातच होतं.

प्रवेशाचं थोडक्यात

महाराष्ट्रात डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा, सहा सत्रांचा. प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) राउंडमधून दहावीच्या गुणांवर होतो. बहुतेक पॉलिटेक्निकांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा एमएसबीटीईची, म्हणजे महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची; मुंबई-पुण्यासारखी काही शासकीय तंत्रनिकेतनं स्वायत्त आहेत. बारावी सायन्स किंवा दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमा झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. बारावीवाल्यांचा हात मीटर आणि सोल्डरिंगवर बसलेला नसतो, तर आयटीआयवाल्यांचं एसी सर्किटचं गणित कच्चं असतं. कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यात आपापली उणीव भरून काढलेली बरी, कारण नंतर वेळ मिळत नाही.

शाखेचं नाव इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन असो की इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्स, पहिल्या तीन-चार सत्रांतला पाया जवळपास सारखाच असतो. त्यामुळे नावापेक्षा लॅब बघा. प्रॅक्टिकलच्या एका बॅचमध्ये एका टेबलावर किती मुलं उभी राहतात? सीआरओला (व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला) प्रोब जोडलेले आहेत की प्रोब कपाटात बंद? सुटे पार्ट मुलांच्या हाती लागतात, की सगळं काचेखाली बसवलेल्या ट्रेनर किटवर उरकतात? किटवर पॅच कॉर्ड खुपसून रीडिंग छान येतात, पण चुकीचं काही जोडताच येत नाही. त्यामुळे बिघाड शोधायची वेळही येत नाही.

स्वतःचं सामान

कॉलेजच्या लॅबवर विसंबू नका, घरी छोटं टेबल लावा. सामान फार लागत नाही: डीटी-८३०डी जातीचा साधा मल्टीमीटर, ८३० छिद्रांचा ब्रेडबोर्ड, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर वायर, रझिनची डबी, कटर, नोज प्लायर आणि ९ व्होल्टची बॅटरी. रेझिस्टन्स एकेक घेऊ नका. १०० ओहम, ३३० ओहम, १ के (हजार ओहम), ३.३ के, १० के, ४७ के, १०० के आणि १ मेग (दहा लाख ओहम), प्रत्येकी दहा घेतले की बराच काळ बघावं लागत नाही. मुंबईत हे सगळं लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतं. आयसी मात्र नेहमी दोन घ्या. एक उडाली तर बिघाड आयसीचा की वायरिंगचा, हे बदलून बघितल्याशिवाय कळत नाही.

ब्रेडबोर्डच्या जंपर वायरी विकत घ्यायची गरज नाही. लॅन केबलचा मीटरभर तुकडा सोलला की आठ रंगांच्या एकतारी वायरी मिळतात, आणि त्या छिद्रात घट्ट बसतात. तयार पॅच कॉर्डमधली वायर बहुतारी असते, ती कामाची नाही. बऱ्याच ब्रेडबोर्डवर कडेच्या सप्लाय रेल मधोमध तुटलेल्या असतात आणि वरची लाल रेघही तिथे खंडित दिसते. ती न पाहता पुढची अर्धी सर्किट जोडली की तिला सप्लायच पोचत नाही. नवा बोर्ड आणला की आधी मीटरच्या बझरने रेलची दोन्ही टोकं तपासा.

सोल्डरिंगमध्ये नवखा माणूस हमखास एक चूक करतो. सोल्डरची वायर बिटावर, म्हणजे आयर्नच्या टोकावर वितळवतो आणि थेंब जॉइंटवर नेऊन लावतो. रझिन वाटेतच जळून जातं, थेंब वर नुसता बसतो, आणि तयार होतो ड्राय सोल्डर: राखाडी, गोळीसारखा, बाहेरून ठीक दिसणारा. बिट आधी पॅड आणि पाय दोन्हींना एकदम टेकवा, एक सेकंद थांबा, आणि वायर बिटाच्या समोरच्या बाजूने जॉइंटला लावा. ६०/४० वायर १८३ अंशांना मऊ होऊ लागते आणि साधारण १९० अंशांना पूर्ण वितळते. पॅड तेवढा तापलेला असेल तर सोल्डर स्वतःहून पसरतो. सगळं मिळून दोन-तीन सेकंदांत झालं पाहिजे. वायरमध्ये शिसं असतं, म्हणून जेवणाचा डबा उघडण्याआधी हात साबणाने धुवा. खिडकी रझिनच्या धुरासाठी उघडी ठेवा.

मीटर कधी खोटं बोलतो

स्वस्त मीटर वाईट नसतो, त्याच्या मर्यादा ठाऊक हव्यात.

लाल वायर १० अँपिअरच्या भोकात ठेवून व्होल्टेज मोजायला गेलात तर मीटर म्हणजे निव्वळ शॉर्ट. या जातीच्या मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूजही नसतो. करंट मोजून झाला की वायर लगेच मूळ जागी आणा, "नंतर बदलू" म्हणू नका. दुसरं, मीटरची स्वतःची बॅटरी उतरली की तो खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू लागतो. ५ व्होल्टचा रेग्युलेटर ५.६ दाखवत असेल तर रेग्युलेटरला दोष देण्याआधी मीटर उघडून बघा.

तिसरी गोष्ट हाताने करून बघण्यासारखी आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीवर १ के चे दोन रेझिस्टन्स सिरीजमध्ये लावा. मधल्या बिंदूवर अपेक्षित ४.५ व्होल्ट, मीटरवरही ४.५. आता तिथेच १ मेगचे दोन लावा. अपेक्षित आकडा तोच, पण डीटी-८३०डी दाखवतो ३ व्होल्ट! जोडणी बरोबर आहे, रेझिस्टन्सही बरोबर आहेत. झालंय असं की मीटरचा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्स १ मेग आहे आणि तो खालच्या रेझिस्टन्सला पॅरलल गेला. एक मेगला एक मेग पॅरलल म्हणजे ५०० के, आणि ९ व्होल्टचा ५०० भागिले १५०० एवढा वाटा म्हणजे ३ व्होल्ट. लॅबमधला १० मेगचा मीटर त्याच ठिकाणी सुमारे ४.३ दाखवेल. हा प्रयोग एकदा केला की 'लोडिंग इफेक्ट'ची व्याख्या पाठ करावी लागत नाही, आणि मीटर लावल्यामुळे सर्किट बदलतं हे कायम लक्षात राहतं.

एसीचं गणित

डिप्लोमात मुलं अडकतात ती एसीमध्ये, कारण तिथे सरळ बेरीज चालत नाही. १ के रेझिस्टन्स आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये, वर १० व्होल्ट, ५० हर्ट्झ. कपॅसिटरचा रिअॅक्टन्स (एसीला त्याचा विरोध) ३१८३ ओहम, दोघांचा मिळून विरोध, म्हणजे इम्पिडन्स, ३३३६ ओहम, करंट ३ मिलिअँपिअर. रेझिस्टन्सवर ३ व्होल्ट आणि कपॅसिटरवर ९.५ व्होल्ट. बेरीज १२.५ होते, सप्लाय तर १०! जर्नलमध्ये अशा वेळी "एरर" लिहून पुढे जातात. एरर काही नाही, दोन व्होल्टेज एकमेकांशी ९० अंशांत आहेत. वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा, १० येतं.

यासाठी कॉम्प्लेक्स नंबर, पोलर-रेक्टँग्युलर रूपांतर आणि लॉगॅरिदम हे तीन विषय पक्के करा. डेसिबल लॉगशिवाय कळत नाही. एमएसबीटीईच्या पेपरला नॉन-प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर चालतो. पेपर हातात आला की आधी साइन ३० काढून बघा. ०.५ आलं नाही तर कॅल्क्युलेटर डिग्रीवर नाही. एवढ्याशा गोष्टीपायी अख्खं गणित जातं.

ट्रान्झिस्टर: चार आकड्यांत सगळा बिघाड

बीसी-५४७ चा कॉमन एमिटर अँप्लिफायर सगळीकडे करून घेतात. त्यावर पूर्ण दुपार घालवली तरी हरकत नाही, कारण बिघाड शोधायची पद्धत याच एका सर्किटवर शिकता येते. सप्लाय १२ व्होल्ट, बेसला वरून ४७ के आणि खालून १० के, कलेक्टरला ३.३ के, एमिटरला १ के. सिग्नल देऊ नका, नुसता डीसी बघा.

आधी आकडे. बेसवर १२ गुणिले १० भागिले ५७, म्हणजे २.१ व्होल्ट, बेस करंटमुळे किंचित कमी. एमिटर त्याहून ०.६५ ने खाली, म्हणजे १.४. एमिटर रेझिस्टन्स १ के, तेव्हा करंट १.४ मिलिअँपिअर. तोच करंट ३.३ के मधून गेला की ४.६ व्होल्ट पडतात आणि कलेक्टरवर उरतात ७.४. यात ट्रान्झिस्टरचा बीटा (कलेक्टर करंट बेस करंटच्या किती पट) कुठेच आला नाही, हे मुद्दाम बघा. बीसी-५४७ चा बीटा ११० पासून ८०० पर्यंत काहीही असू शकतो. अशी बायसिंग (बेसचा डीसी ठरवणारी जोडणी) वापरण्याचं कारणच ते.

आता एकेक वायर मुद्दाम काढा. वरचा ४७ के काढला तर बेस शून्यावर, ट्रान्झिस्टर बंद, कलेक्टर १२ वर. खालचा १० के काढला तर ट्रान्झिस्टर सॅच्युरेट, म्हणजे पूर्ण चालू होतो. कलेक्टर आणि एमिटर दोन्ही ३ व्होल्टच्या जवळपास, एकमेकांना चिकटलेले. एमिटरचा १ के काढला तर? इथे भले भले फसतात. कलेक्टर १२ वर जातो, पण एमिटरवर मीटर लावला की साधारण दीड व्होल्ट दिसतात, म्हणजे जवळपास बरोबर! कारण मीटरचा १ मेग स्वतःच एमिटर रेझिस्टन्स होऊन बसतो. म्हणून एकाच बिंदूच्या रीडिंगवर निकाल देऊ नका, बेस-एमिटर-कलेक्टर तिन्ही वाचा. कलेक्टर १२ वर आहे म्हणजे कलेक्टर करंट नाही, मग एमिटर काहीही सांगो.

पायांबद्दल एक सूचना. बीसी-५४७ ची सपाट बाजू तोंडासमोर आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. त्याच आकाराचा प्लॅस्टिकचा २एन२२२२ बऱ्याचदा याच्या बरोबर उलटा असतो. दुकानदाराने "तोच आहे, चालेल" म्हणून दिलेला पार्ट डेटाशीट बघूनच लावा.

पहिलं पक्कं काम: ५ व्होल्टचा सप्लाय

दुसऱ्या वर्षात स्वतःच्या हाताने एक रेग्युलेटेड सप्लाय बनवा. पुढची सगळी डिजिटलची आणि मायक्रोकंट्रोलरची कामं त्यावर चालतात. लागणारं सामान:

- ९-०-९ ट्रान्सफॉर्मर, ५०० मिलिअँपिअर
- १एन४००७ डायोड, दोन
- १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर
- ७८०५ रेग्युलेटर आणि हीटसिंक
- ०.३३ आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, एकेक
- लाल एलईडी आणि ३३० ओहम
- १०० ते २५० मिलिअँपिअरचा फ्यूज, होल्डर, स्विच, तीन पिनांची वायर, झाकणाचा डबा
- चाचणीसाठी १८ ओहम, ५ वॅटचा सिरॅमिक रेझिस्टन्स

ट्रान्सफॉर्मरच्या वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नका, मीटरने ओळखा. प्रायमरी, म्हणजे २३० व्होल्टची बाजू, काहीशे ओहम दाखवते, सेकंडरी काही ओहमच. सेकंडरी चुकून २३० व्होल्टला लावली तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि जळेपर्यंत दुसऱ्या बाजूला हजारो व्होल्ट असू शकतात.

जोडणी अशी. ९-०-९ ची मधली वायर ग्राउंड. बाहेरच्या दोन वायरी एकेका डायोडच्या अॅनोडला, दोन्ही डायोडचे कॅथोड, म्हणजे पांढऱ्या पट्ट्याची टोकं, एकत्र. तिथून १००० मायक्रोफॅरडचं प्लस आणि ७८०५ चा इनपुट. ०.३३ इनपुटच्या पायाशी, ०.१ आउटपुटच्या पायाशी, दोन्ही पायांना अगदी लागून. लांब वायरीवर लावले तर रेग्युलेटर ऑसिलेट होऊ शकतो. ७८०५ वरची अक्षरं समोर धरली की डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट, आणि पाठीचा पत्रा ग्राउंडला. निगेटिव्ह सप्लायच्या ७९०५ चे पाय वेगळे आहेत: ग्राउंड, इनपुट, आउटपुट, आणि त्याचा पत्रा इनपुटला. दोन्ही एकाच हीटसिंकवर मायका न घालता बसवले की शॉर्ट.

मेनच्या बाजूला फ्यूज आणि स्विच हे दोन्ही फेजच्या वायरीत. २३० व्होल्टच्या प्रत्येक जॉइंटवर स्लीव्ह. हे काम मोकळ्या टेबलावर उघडं ठेवून करायचं नाही, आणि घरात एकटं असताना तर नाहीच.

आता आकडे. ९ व्होल्ट आरएमएसचा पीक १२.७, डायोडचे ०.७ वजा, कपॅसिटरवर १२. प्रत्यक्षात लोड नसताना १४ च्या आसपास दिसेल. लहान ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना ९ च्या जागी १०-१०.५ देतो, म्हणून. ३०० मिलिअँपिअर लोडवर रिपल (कपॅसिटरवरच्या व्होल्टेजचा चढउतार) येतो करंट भागिले १०० हर्ट्झ भागिले कपॅसिटन्स: ०.३ भागिले ०.१, म्हणजे ३ व्होल्ट. सीआरओवर याहून थोडा कमी दिसतो, कारण कपॅसिटर पूर्ण अर्धचक्रभर रिकामा होत नाही. म्हणजे इनपुट १२ आणि ९ च्या दरम्यान झुलतो. ७८०५ ला आउटपुटच्या वर साधारण २ व्होल्ट लागतात, म्हणजे कमीत कमी ७. नऊ आहेत, चालतं.

पैसे वाचवायला ४७० मायक्रोफॅरड लावला तर? रिपल ६.४, तळ ५.६ वर. दर १० मिलिसेकंदांनी आउटपुट गोता खातो. मीटर सरासरी दाखवतो, म्हणून ४.८ वगैरे बघून ठीक वाटतं, पण मायक्रोकंट्रोलर सारखा रीसेट होतो.

हीटसिंक का हवा, तेही आकड्यातच बघा. इनपुटची सरासरी १०.५, आउटपुट ५, करंट ०.३: उष्णता १.६५ वॅट. हीटसिंक नसलेला ७८०५ दर वॅटला सुमारे ६५ अंश तापतो. म्हणजे १०७ अंशांची वाढ, त्यात खोलीचे ३०. आतला थर्मल शटडाउन (जास्त तापला की स्वतःला बंद करायची सोय) लागू शकतो, सप्लाय बंद पडतो, थंड झाला की पुन्हा सुरू. "थोडा वेळ चालतो आणि मग बंद पडतो" अशी तक्रार असेल तर पहिला संशय याचाच.

पहिल्यांदा चालू करताना प्रायमरीच्या सिरीजमध्ये झिरोचा जुना, तारेचा बल्ब लावा, साधारण १५ वॅटचा. एलईडीचा बल्ब या कामाला चालत नाही. सर्किट ठीक असेल तर बल्ब पेटत नाही किंवा जेमतेम लालसर होतो. चांगला प्रकाश पडला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बहुतेक वेळा एक डायोड उलटा बसलेला असतो. तेव्हा एका अर्धचक्रात पूर्ण १८ व्होल्टची सेकंडरी दोन डायोडमधून शॉर्ट होते. बल्ब नसता तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणत तापला असता.

बल्ब काढल्यावर बिनलोडचे आकडे घ्या. आउटपुट ४.८ ते ५.२ मध्ये हवा. मग १८ ओहमचा सिरॅमिक लावून पुन्हा घ्या. त्यातून सुमारे २८० मिलिअँपिअर जातात आणि तो चांगलाच तापतो, हात लावू नका. लोडची चाचणी टाळू नका, कारण काही बिघाड लोडशिवाय दिसतच नाहीत. उदाहरणार्थ, एका डायोडचा जॉइंट ड्राय असेल तर बिनलोड सगळं अगदी बरोबर दिसतं. लोड लावल्यावर मात्र सप्लाय हाफ वेव्ह झालेला असतो (दोनपैकी एकच अर्धचक्र वापरलं जातं), रिपल दुप्पट होऊन ६ वर जातो आणि आउटपुट कोसळतो. सीआरओवर रिपल १०० ऐवजी ५० हर्ट्झचा दिसला की डायोड शोधायला बसायची गरज नाही, कळलंच.

सगळ्यांत महाग बिघाड ७८०५ च्या मधल्या पायाचा. ग्राउंडचा जॉइंट सुटला की रेग्युलेटर ५ व्होल्ट धरून ठेवत नाही, आउटपुट इनपुटच्या जवळ जातो आणि पुढची आयसी उडते. म्हणून नवा सप्लाय थेट मायक्रोकंट्रोलरला जोडू नका. आधी मीटर लावून पीसीबी हलवा, वायरी हलक्या हाताने ओढा, आकडा स्थिर राहतो का बघा.

आणि ज्यांच्याकडे ब्रिज (चार डायोडचा रेक्टिफायर) आहे त्यांच्यासाठी: ९-०-९ च्या बाहेरच्या दोन वायरी ब्रिजला लावल्या तर ते ९ नव्हे, १८ व्होल्ट. कपॅसिटरवर २४ च्या वर, बिनलोड २५ ओलांडून. २५ व्होल्टचा कपॅसिटर फुगतो. ब्रिजवर सीआरओचे दोन चॅनल एकदम इनपुट आणि आउटपुटला लावू नका. दोन्ही प्रोबचे ग्राउंड क्लिप आतून एकच असतात, त्यामुळे एक डायोड शॉर्ट होतो.

डिजिटल आणि ८०५१

इथे आकडे कमी, सवयी जास्त. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पायांशी ०.१ मायक्रोफॅरड. १४ पायांच्या बहुतेक ७४ सिरीजच्या लॉजिक आयसींना १४ वर प्लस आणि ७ वर ग्राउंड असतं, पण ७४९० ला प्लस ५ वर आणि ग्राउंड १० वर. १६ पायांच्या ७४७६ ला प्लस ५ वर, ग्राउंड १३ वर. ७४०२ चा पहिला पाय इनपुट नसून आउटपुट आहे. सवयीने ७४०० सारखी जोडणी केली की ट्रूथ टेबल जुळत नाही, आणि मग आयसी खराब ठरवून परत दुकानात. ७४एलएस चं आउटपुट खाली ८ मिलिअँपिअर ओढू शकतं, वर मात्र ०.४ च देतं. म्हणून एलईडी प्लसकडून आउटपुटकडे जोडा आणि लॉजिक उलटं धरा.

८०५१ या मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड चालत नसेल तर क्रमाने बघा: ४० व्या पायावर ५ व्होल्ट, ३१ वा पाय प्लसला बांधलेला, क्रिस्टलला ३३ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर, रीसेटचा नववा पाय चालू झाल्यावर शून्यावर उतरलेला. पोर्ट शून्याला आत पुल-अप (पायाला प्लसकडे ओढणारे रेझिस्टन्स) नसतात, बाहेरून १० के लावावे लागतात. नाहीतर तिथला बिट "१" होतच नाही. सिरियलसाठी क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचाच घ्या. त्यावर टीएच१ या टायमर रजिस्टरमध्ये एफडी (हेक्स) भरलं की ९६०० बॉड, म्हणजे सिरियलचा वेग, तंतोतंत मिळतो. १२ मेगाहर्ट्झवर तोच आकडा १०४१७ होतो आणि स्क्रीनवर कचरा येतो.

जर्नल आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट

जर्नलच्या तक्त्यात "अपेक्षित" नावाचा एक रकाना स्वतःच वाढवा. कुणी हरकत घेत नाही, आणि सबमिशनच्या आठवड्यात दुसऱ्याचं उतरवून काढायचा मोहही कमी होतो, कारण दुसऱ्याच्या रेझिस्टन्सचे आकडे तुमच्या गणिताशी जुळत नाहीत. थिअरीच्या पेपरला आकृतीवर व्हॅल्यू लिहायची सवय यातूनच लागते.

प्रोजेक्ट तयार विकत घेऊ नका, असं सगळेच सांगतात. घेतलाच तर निदान त्याचा करंट मोजून ठेवा. जीएसएमवर मेसेज पाठवणारे प्रोजेक्ट डेमोच्या वेळी बंद पडतात ते बहुधा सप्लायमुळे. सिम८०० किंवा सिम९०० जातीचं मॉड्यूल नेटवर्क पकडताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. वर बनवलेला ३०० मिलिअँपिअरचा सप्लाय तिथे कोसळतो आणि मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो. मॉड्यूलला वेगळा सप्लाय द्या, त्याच्या पायांशी १००० मायक्रोफॅरड लावा, दोन्हींचे ग्राउंड जोडा. सिम८००एल थेट ५ व्होल्टवर चालवू नका, त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. रिले असेल तर कॉइलवर उलटा १एन४००७ लावा. आणि ही मॉड्यूल २जी वर चालतात. जिओचं नेटवर्क ४जी पासून सुरू होतं, तेव्हा त्यात जिओचं सिम घालून प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसू नका.